रेम्ब्रांटचं ‘गालील समुद्रावरचं वादळ’: छापील कलाप्रतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरोक काळातल्या (साधारण सतराव्या शतकातल्या) धार्मिक चित्रांच्या प्रती आमच्याकडे छापून घ्यायला येणारे लोक डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 1633 सालच्या या चित्राबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. तसं होणं साहजिक आहे, कारण या चित्राची गोष्टच वेगळी आहे. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण पैसे घालण्याआधी ती वाचलेली बरी.

चित्रात नेमका कोणता प्रसंग आहे?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला, ओवी 35 ते 41. येशू आणि शिष्य होडीतून गालील समुद्राच्या पलीकडच्या तीरावर निघालेत. अचानक वादळ उठतं, लाटा होडीत शिरतात, आणि येशू मात्र होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला असतो. शिष्य घाबरून त्याला उठवतात. तो उठतो, वाऱ्याला दटावतो आणि समुद्र शांत होतो.

रेम्ब्रांटने यातला शांत होण्याआधीचा क्षण घेतला आहे. होडी तिरपी होऊन नाळ लाटेवर चढली आहे, शीड फाटलं आहे, एक दोर तुटून हवेत उडतो आहे. डावीकडे ढग फाटून उजेड पडलाय आणि त्या उजेडात शिष्य डोलकाठी आणि शिडाशी झटतायत. उजवीकडे, अंधाऱ्या बाजूला, दोघे-तिघे येशूला जागं करतायत. एक जण काठावरून वाकून ओकतोय. समुद्राचं हे असं चित्र रेम्ब्रांटने आयुष्यात एकदाच रंगवलं. तेव्हा तो 27 वर्षांच्या आसपास होता आणि लायडन सोडून अॅमस्टरडॅमला येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते.

होडीत येशू आणि 12 शिष्य म्हणजे 13 माणसं असायला हवीत. मोजली तर 14 भरतात. चौदावा माणूस एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने दोर धरून थेट आपल्याकडे बघतो. तो रेम्ब्रांट स्वतः आहे असं मानलं जातं. हा माणूस लक्षात ठेवा, प्रत पारखताना तो उपयोगी पडणार आहे.

डच चित्रकाराचं चित्र बरोक कसं?

इथला बरोक रोममधल्या चर्चच्या भव्य छतांवरचा नाही, पण प्रकाश-अंधाराची झुंज, तिरप्या रेषेवर उभी केलेली रचना आणि ऐन कळसाचा क्षण पकडणं हे सगळं त्याच काळाचं आहे. रेम्ब्रांट इटलीला कधीच गेला नाही. त्याचा गुरू पीटर लास्टमन जाऊन आला होता, आणि इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची प्रकाशयोजना उत्रेख्तच्या चित्रकारांनी हॉलंडमध्ये आणली होती. रेम्ब्रांटने ती तिथून उचलली आणि आपलीशी केली.

मूळ चित्र कुठे पाहायला मिळेल?

कुठेच नाही. ते बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियममध्ये होतं. गार्डनरबाईंनी ते 1898 साली विकत घेतलं होतं आणि म्युझियम 1903 साली लोकांसाठी उघडलं. 18 मार्च 1990 च्या पहाटे पोलिसांच्या वेशातले दोन चोर आत शिरले, पहारेकऱ्यांना बांधून ठेवलं आणि 81 मिनिटांत 13 वस्तू घेऊन गेले. त्यात व्हर्मीरचं ‘द कॉन्सर्ट’ होतं आणि रेम्ब्रांटचं हे वादळही. धारदार पात्याने कापून त्यांनी ते चौकटीतून काढलं. 1 कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर होऊनही ते अजून हाती आलेलं नाही.

गार्डनरबाईंच्या मृत्युपत्रानुसार म्युझियमची मांडणी बदलायची नाही, त्यामुळे ‘डच रूम’मध्ये त्याच जागी रिकामी चौकट टांगलेली आहे. बॉस्टन परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर जाऊन पाहावी. चित्र केवढं होतं हे त्या चौकटीवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही पुस्तकातून कळत नाही.

मूळच हाती नाही, तर प्रत कशावरून छापतात?

चोरीच्या आधी काढलेल्या छायाचित्रांवरून. आज बाजारात दिसणारी प्रत्येक प्रत, मग ती परदेशातल्या मोठ्या छापखान्याची असो की गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याची, शेवटी 1990 पूर्वीच्या फोटोंपर्यंत जाऊन थांबते. तेव्हाचे फोटो फिल्मवर काढलेले होते, ते पुढे स्कॅन झाले. नवा फोटो काढायची सोय नाही.

याच रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’शी तुलना केली की फरक कळतो. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2022 च्या सुरुवातीला त्या चित्राची 717 गिगापिक्सेलची (717 अब्ज ठिपक्यांची) प्रतिमा खुली केली. त्यात रंगाच्या भेगासुद्धा मोजता येतात. वादळाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. म्हणून इथे प्रतीची जबाबदारी वाढते. मूळ चित्राशी ताडून चूक दाखवता येत नाही, तेव्हा छापणाऱ्याने पदरचं काही घालू नये, हा आमचा पहिला नियम आहे.

आपल्याकडेही असं घडलेलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, या चित्राच्या 17 वर्षं आधी. त्या पहिल्या छापाची प्रत आज मिळत नाही. पुढच्या वाचकांपर्यंत ते पोचलं ते हस्तलिखितांच्या नकलांतून आणि नंतरच्या आवृत्त्यांतून. नक्कल करणारा प्रामाणिक असला तर ग्रंथ जगतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

नेटवर हेच चित्र एकदा निळसर, एकदा पिवळट दिसतं. खरे रंग कोणते?

फिल्म, स्कॅनर आणि नंतर कुणीकुणी फिरवलेले रंग, यांमुळे हा गोंधळ आहे. शिवाय जुन्या तैलचित्रांवरचं व्हार्निश काळानुसार पिवळं पडतं, तो पिवळेपणाही फोटोत उतरतो. काही जण तो ‘साफ’ करतात आणि समुद्र पार मोरपिशी करून टाकतात.

आमचा सल्ला असा: म्युझियमने स्वतः प्रसिद्ध केलेली प्रतिमा आधार माना. तिच्यात फाटलेल्या ढगांमागचं आकाश आवरलेलं निळं-राखाडी आहे, लाटेचा फेस उबदार पांढरा आहे आणि उजवीकडचा अंधार तपकिरीकडे झुकणारा आहे. जिथे आकाश निळंशार झळकतं, ती फाइल कुणीतरी सजवलेली आहे असं समजा.

लहान फाइल एआयने मोठी करून छापली तर?

या चित्रासाठी कृपया करू नका. एआयचं साधन पिक्सेल मोठे करत नाही, मधली जागा अंदाजाने भरतं. डोंगर-झाडांच्या फोटोत ते खपून जातं. इथे होडीभर माणसं आहेत, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळी भीती आहे, आणि छोट्या फाइलमध्ये एकेक चेहरा मोजक्या पिक्सेलांचा असतो. मोठं केल्यावर डोळे गुळगुळीत होतात, बोटं एकमेकांत मिसळतात, दोर मध्येच संपतात किंवा भलत्याच डोलकाठीला जाऊन मिळतात. मूळ समोर असतं तर हे पकडता आलं असतं. ते नाही, म्हणून अशी बनावट भर पुढे खरी मानली जाण्याचा धोका आहे. फाइल लहान असेल तर प्रत लहान घ्या, हेच बरं.

कोणता आकार चांगला?

मूळ चित्र 160 सेंटिमीटर उंच आणि 128 सेंटिमीटर रुंद. हे प्रमाण बरोब्बर 5:4 आहे, आणि ही सोय फार कमी चित्रांच्या बाबतीत मिळते. 8×10, 16×20 आणि 24×30 इंच हे तिन्ही तयार आकार याच प्रमाणाचे आहेत, काटछाट न करता चित्र पूर्ण बसतं.

8×10 टेबलावर ठेवायला ठीक, पण त्यात बारीक दोर हरवतात आणि अंधारातले चेहरे नुसते ठिपके होतात. भिंतीसाठी 16×20 पासून सुरुवात करा. त्या आकारात चित्र मूळच्या एक तृतीयांशाहून किंचित लहान असतं आणि चौदाही जण ओळखू येतात. बैठकीच्या खोलीत 24×30 सगळ्यात समाधान देतं.

फाइल पुरेशी आहे का हे पाहायला गुणाकार करा: 16×20 ला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) 4800×6000 पिक्सेल लागतात, 24×30 ला 7200×9000. मोठी प्रत लांबून पाहिली जाते, तिथे 200 डीपीआय चालतं. मूळ आकारात हवं असेल तर रुंदी 50 इंचांच्या वर जाते. 44 इंची प्रिंटरवर ते एका तुकड्यात निघत नाही, त्याहून मोठं मशीन शोधावं लागतं.

माझ्याकडे ए-3 ची किंवा 12×18 ची फ्रेम आहे, तिच्यात बसेल का?

बसवता येतं, पण पांढरी कड सोडून. ए-3 वर पूर्ण रुंदी भरली तर उंचीत सुमारे 5 सेंटिमीटर कागद मोकळा राहतो. ती कड माउंटसारखी छान दिसते. पूर्ण फ्रेम ‘भरून’ मागितली तर बाजू कापाव्या लागतात. 12×18 मध्ये तर रुंदीतले जवळपास अडीच इंच जातात. उजवीकडे सुकाणू आहे, आणि सुकाण्यावर रेम्ब्रांटची सही आणि 1633 हे साल आहे. डावीकडे नाळेवर फुटणारी लाट आहे, चित्रातला सगळ्यात जास्त उजेड तिच्यावरच पडतो. यातलं काय कापायचं? आम्ही काहीच कापत नाही.

जिक्ले प्रिंट म्हणजे काय? साध्या फोटो प्रिंटपेक्षा महाग का?

जिक्ले म्हणजे चांगल्या प्रतीची इंकजेट छपाई, यापलीकडे त्या नावात काही नाही. नावाला पैसे देऊ नका, दोन गोष्टी विचारा: शाई कोणती आणि कागद कोणता.

शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक घन कण असलेली हवी. डायची (विरघळलेल्या रंगाची) शाई सुरुवातीला झगझगीत दिसते, पण उजेडात लवकर उडते. कागद शंभर टक्के कापसाचा किंवा निदान आम्लमुक्त हवा, 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आसपास. अतिशुभ्र कागद टाळा. त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घातलेली असतात, काही वर्षांत त्यांचा असर गेला की कागद पिवळट दिसू लागतो. या चित्राला किंचित दुधाळ पांढरा कागदच शोभतो.

मॅट (बिनचमकीचा कागद) की बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला, हलक्या चमकीचा कागद), हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे. हानेम्यूले फोटो रॅगसारख्या मॅट कागदावर चित्र मऊ, तैलरंगाच्या जवळचं वाटतं आणि चमक येत नाही. पण मॅटवर काळा रंग थोडा राखाडीकडे राहतो. बरायटावर काळा खोल उतरतो, अंधारातल्या अंधाराच्या छटा सुट्या दिसतात. अर्धं चित्र सावलीत असताना माझं मत बरायटाच्या बाजूने आहे, फक्त समोर खिडकी नसावी. खोलीत समोरासमोर उजेड असेल तर मॅट घ्या.

कॅनव्हासवर छापलं तर अधिक ‘खरं’ वाटेल ना?

लांबून, हो. जवळ गेलात की कॅनव्हासचा यांत्रिक पोत चेहऱ्यांवर चढतो आणि बारीक तपशील खातो. 24×30 च्या खाली आम्ही कॅनव्हास सुचवत नाही. लाकडी चौकटीवर ताणताना कडेचा दीड-एक इंच भाग चारही बाजूंनी मागे वळतो, त्यामुळे सही आणि लाट पुन्हा धोक्यात येते. कॅनव्हासच हवा असेल तर कडेला साधा गडद रंग वाढवून घ्या, म्हणजे चित्र पूर्ण समोर राहतं.

काही दुकानांत वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून ‘हाताने रंगवल्याचा’ भास देतात. तो नको. ते फटकारे रेम्ब्रांटच्या कुंचल्याच्या दिशेने जात नाहीत, आणि 1633 चं हे काम त्याच्या उत्तरायुष्यातल्या जाड रंगलेपासारखं नाही, बरंच बारकाईने घासूनपुसून केलेलं आहे.

मोबाइलवर छान दिसतं, छापल्यावर काळं का येतं?

सगळ्यात जास्त तक्रार याचीच. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. त्यात आपण ब्राइटनेस पूर्ण ठेवून बघत असतो. म्हणून ग्राहक म्हणतात, “जरा उजळ करून द्या.” उजळ केलं की सावलीतले चेहरे दिसतात खरे, पण डावीकडचा उजेड फिका पडतो, फेसातले बारकावे पांढऱ्यात विरतात आणि वादळच उरत नाही. या चित्रात अंधार हे पात्र आहे. येशू त्या अंधाऱ्या बाजूलाच आहे, आणि त्याच्या चेहऱ्याजवळचा मंद उजेड आजूबाजूला काळोख असल्यामुळेच जाणवतो.

करायचं काय? पडद्याचा ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणून बघा. छापणाऱ्याकडून त्या कागदाच्या आयसीसी प्रोफाइलने (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याचा पडद्यावरचा नमुना, मागा. आणि एक छोटी पट्टी, येशूच्या गटाची, आधी छापून घ्या. ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, घरी जिथे लावणार त्या भिंतीवर संध्याकाळी धरून पाहा. तिथे कमी वाटली तर प्रत उजळण्याऐवजी वर एक लहान दिवा लावा. दिव्याने अंधार-उजेडाचं नातं बिघडत नाही.

चांगली प्रत कशी ओळखायची?

डोकी मोजा. चौदा भरली पाहिजेत. अकरा-बारावर अडलात तर सावल्या बुजल्या आहेत. मग टोपी धरलेल्या त्या माणसाकडे बघा, त्याची नजर तुमच्याकडे आहे हे कळलं पाहिजे. सुकाण्यावरचं लिखाण शोधा. अंधाऱ्या आकाशावरून जाणारा एखादा दोर बोटाने (कागदाला न लावता) टोकापर्यंत माग काढत न्या, तो तुटक नसावा. शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात होडीचं लाकूड आणि पाणी वेगळं दिसतंय का पाहा. हे सगळं जमलं तर छापणाऱ्याने मन लावून काम केलं आहे.

फ्रेम करताना काय सांगायचं?

गडद चित्रावर साधी काच आरशासारखी वागते, वादळाऐवजी घरातला पंखा दिसतो. परवडत असेल तर परावर्तन कमी करणारी काच घ्या. एवढ्या एका गोष्टीवर खर्च केला तरी चालेल, नक्षीदार सोनेरी पट्टीवर कमी करा. काच आणि कागद एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये माउंट किंवा स्पेसर हवा. माउंट आम्लमुक्त मागा. आणि फ्रेमवाल्याला ठामपणे सांगा की प्रत फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर चिकटवायची नाही, वरच्या कडेला आम्लमुक्त टेपच्या दोन पट्ट्यांवर टांगायची. हे न सांगितल्यास बहुतेक ठिकाणी चिकटवूनच मिळतं.

कोकणात, गोव्यात पावसाळ्यात टिकेल का?

काळजी घेतली तर टिकेल. ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, आतली भिंत निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा म्हणजे मागून हवा खेळते. पाठीमागची फट कागदी टेपने बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते आणि कापसाच्या कागदावर ताव मारते. काच पुसताना कॉलिन फडक्यावर मारा, काचेवर नको, ओघळ आत जातो. काचेच्या आतून धुकट किंवा कागदावर तपकिरी ठिपके दिसले तर थांबू नका, फ्रेम उघडून कोरडी करून घ्या. थेट ऊन कुठल्याच शाईला मानवत नाही. संग्रहालयं कागदावरच्या कामांवर सहसा 50 लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, घरी तेवढं जमणार नाही, पण ऊन नक्की टाळता येतं.

‘लिमिटेड एडिशन’ आणि प्रमाणपत्राला किंमत आहे का?

चित्रकार 1669 साली गेला. प्रतींची संख्या त्याने ठरवलेली नाही, विकणाऱ्याने ठरवली आहे. त्यामुळे ‘500 पैकी 37’ या आकड्याने प्रतीचं मोल वाढत नाही. पुढे विकून पैसे मिळतील या आशेने घेऊ नका. उपयोगी प्रमाणपत्र म्हणजे ज्यावर कागद, शाई, फाइलचा स्रोत आणि छपाईची तारीख लिहिलेली आहे ते. आम्ही ही माहिती प्रतीच्या मागे पेन्सिलने लिहितो.

रेम्ब्रांटची एचिंग्ज ही निराळी गोष्ट. ती त्याने स्वतः तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि छापली, ती मूळ कलाकृतीच आहेत. हे वादळ मात्र तैलचित्र आहे, त्याची प्रत ‘रेम्ब्रांटची मूळ प्रिंट’ म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

छापायला परवानगी लागते का?

चित्रावरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे. भारतात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. प्रश्न उरतो फोटोचा. अमेरिकेत 1999 च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल निकालात सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोला नवा कॉपीराइट मिळत नाही असं ठरलं, आणि युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाचं धोरणही त्याच दिशेचं आहे. तरी फाइल जिथून घ्याल तिथल्या अटी वाचा, विशेषतः विक्रीसाठी छापत असाल तर.

घरात मूळ चित्राऐवजी प्रिंट लावणं कमीपणाचं नाही का?

महाराष्ट्रात हा प्रश्न पडायला नको. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथल्या ओलिओग्राफमुळे (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रतींमुळे) लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतींवर आल्या. लोकांनी त्यांना हार घातले.

घरातल्या अल्तारावर (प्रार्थनेच्या वेदीवर) लावलं तर चालेल का?

वसई आणि गोव्याकडचे लोक हे विचारतात. पॅरिशच्या फादरांना विचारून आशीर्वाद घ्यायला काहीच हरकत नाही, प्रत छापील असल्याने फरक पडत नाही. मात्र रेम्ब्रांटच्या काळी अॅमस्टरडॅमची कॅल्व्हिनपंथी (प्रोटेस्टंट) चर्चेस आतून चित्रांविना, पांढरी ठेवलेली असत. अशी चित्रं लोक आपल्या घरांत लावत. शिवाय यात येशूची मूर्ती मध्यभागी नाही, ती शोधावी लागते. म्हणून अल्तारापेक्षा, जिथे रोज थोडं थांबून बघता येईल अशा भिंतीवर ते जास्त शोभतं. कोळीवाड्यातल्या घरांत, जिथे माणसं खरोखर समुद्रावर जातात, ते दाराजवळ लावलेलं मला विशेष आवडतं.

उद्या मूळ चित्र सापडलं तर आत्ताची प्रत फुकट जाईल का?

सापडावं अशी मनापासून इच्छा आहे. तसं झालं तर आधी त्याची डागडुजी होईल, मग नव्या पद्धतीने छायाचित्रण होईल, आणि आज वापरात असलेली प्रत्येक फाइल बदलावी लागेल. रंगांबद्दलचं वरचं उत्तरही पुन्हा लिहावं लागेल. आत्ताची प्रत तरीही ठेवा: 1990 पूर्वी ते कसं होतं याची ती नोंद असेल. मागे पेन्सिलने लिहिलेला फाइलचा स्रोत आणि तारीख पुसू देऊ नका, नवी प्रत शेजारी धरून पाहताना तीच लागेल.